हिंदीतून मराठीत आणताना ओळखीचे शब्द फसवतात : या चुका टाळा

हिंदी मजकूर मराठीत आणताना अनोळखी शब्द सहसा दगा देत नाहीत, कारण त्यांच्यासाठी आपण कोश उघडतोच. घात करतात ते ओळखीचे शब्द.

एकदा माझ्याकडे एका जाहीर सूचनेचा मसुदा तपासायला आला. मूळ हिंदी होतं, ‘यदि किसी को आपत्ति हो तो 30 दिन के भीतर सूचित करें’. मराठीत उतरलं होतं, ‘कोणास आपत्ती असल्यास 30 दिवसांत कळवावे’. आपल्याकडे आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, दुष्काळ. ज्याला खरोखर विरोध नोंदवायचा आहे, त्याला ही सूचना आपल्यासाठी आहे हे कळणारच नाही आणि मुदत निघून जाईल. इथे ‘हरकत’ हवं होतं.

आता या हरकतीचंच बघा. अरबीत तिचा अर्थ हालचाल. हिंदीत तोच अर्थ राहिला, पण बहुतेकदा नको त्या वागण्यासाठी. मराठीत ती आक्षेप झाली. त्यामुळे ‘उसकी हरकतें ठीक नहीं’चं ‘त्याच्या हरकती ठीक नाहीत’ करू नका; ‘त्याचं वागणं ठीक नाही’ लिहा. गवयाच्या गळ्यातली हरकत तेवढी दोन्हीकडे तीच.

राजीनाम्याचंही तसंच. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टाच्या बातमीत ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ असेल, तर कुणी नोकरी सोडलेली नसते, तडजोड झालेली असते.

‘यातायात’ म्हणजे वाहतूक, आपली दगदग नव्हे. ‘मातृत्व अवकाश’ म्हणजे प्रसूती रजा. ‘खून की जाँच’ ही रक्ततपासणी. ‘शिक्षा’ सगळ्यांना ठाऊक असते, तरी घाईत निसटते. बंगालीतही ती शिकण्याचीच. कन्नडची ‘शिक्षे’ मात्र आपल्यासारखी, गुन्ह्याची. ‘उपन्यास’ हिंदी-बंगालीत कादंबरी, तर कन्नडमध्ये व्याख्यान. म्हणून हिंदी शब्दाचा अर्थ हिंदी कोशातच बघा; मराठी कोश इथे चुकीचीच खात्री देईल.

मसुदा झाला की मूळ बाजूला ठेवा आणि हिंदीशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला मराठी वाचायला द्या. ‘यात काय करायला सांगितलंय?’ एवढंच विचारा. मी अशा शब्दांची एक वहीही ठेवली आहे. काम पाठवण्याआधी त्यातला एकेक शब्द संगणकावर शोधते आणि जिथे सापडेल ते वाक्य मुळाशी पुन्हा ताडून बघते. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे ‘आपत्ती’.