कंपनीत वेलनेस प्रोग्राम राबवताय? या चुका टाळा

एमआयडीसीतल्या दोन-तीनशे माणसांच्या कारखान्यात वेलनेस म्हणजे बहुतेक वेळा वर्षातून एक आरोग्य शिबिर, २१ जूनला योगासनं आणि नोटीस बोर्डावर फोटो. वर्षभरानं गैरहजेरी तेवढीच दिसते आणि मालक म्हणतात, 'यात काही दम नाही.' दम आहे, पण तो पुढच्या गोष्टींत वाया जातो.

शिबिरातलं मोजमापच चुकतं

शिबिर दहा वाजता. तोवर पहिल्या पाळीचा नाश्ता झालेला, रात्रपाळीवाल्यानं पहाटे गोड चहा घेतलेला. तरी रिपोर्टवर छापून येतं 'उपाशीपोटी साखर'. त्या तपासणीआधी किमान ८ तास पाण्याशिवाय काहीही चालत नाही. पाळ्या असतील तर सरळ एचबीएवनसी ही रक्ततपासणी करा. तिला उपाशी राहावं लागत नाही आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा जास्त आलं तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही घ्या.

बीपीचं तर विचारूच नका. जिना चढून आलेल्या माणसाला रांगेतच पट्टा बांधतात. खरं तर ५ मिनिटं पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला. आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा हमखास चढा येतो, म्हणून मोठ्या मापाचा पट्टा आणायला लॅबवाल्यांना आधीच सांगा.

रिपोर्ट हातात दिला की काम संपलं, असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बीपी १४०/९० च्या वर निघालं, पण दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. मग माणूस रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, भरतच असतात. म्हणजे उपचाराचे पैसे आधीच गेलेले आहेत. बीपी वाढलेल्यांना अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या, चार-पाच जणांचा गट करून दवाखान्यात पाठवा आणि महिन्याभरात बीपी पुन्हा मोजा. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांनाही यात घ्या. जड कामं बहुतेक तीच करतात.

रिपोर्टचा गठ्ठा मात्र एचआरच्या टेबलावर ठेवू नका. बंद पाकीट थेट ज्याचं त्याला. व्यवस्थापनाला फक्त बेरीज, तीही विभागवार नको: चार माणसांच्या स्टोअरमध्ये 'एकाला साखर' म्हटलं की नाव उघड झालंच. एकदा का हे बाहेर फुटलं की पुढच्या शिबिराला निम्मी माणसं फिरकत नाहीत.

पोस्टर सॅलडचं, थाळी तेलाची

कँटीनच्या ठेकेदाराला थाळीमागे ठरावीक दर मिळतो, त्यामुळे तो भात, बटाटा आणि तेलावर पोट भरवतो. पोस्टर लावण्याआधी तेलाचे डबे मोजा. रोज ३०० थाळ्या, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७,५०० थाळ्या. १५ किलोचे १५ डबे लागले तर २२५ किलो, थाळीमागे ३० ग्रॅम. एका जेवणाला हे भरमसाट झालं. दर न वाढवता फक्त मेनू बदलायला सांगितलं तर दोन आठवड्यांत गाडी मूळ पदावर. करारातच थाळीमागचं तेल आणि उसळीचं वजन लिहा. चहाची साखर मात्र एकदम कमी करू नका, बोंब होते. आधी बिनसाखरेचा चहा आणि साखर वेगळी ठेवा.

कामाबाहेर ठेवलेला कार्यक्रम

पाळी साडेतीनला सुटते, बस पावणेचारला निघते आणि योगाचा वर्ग चारला! मग वर्गाला फक्त ऑफिसातली माणसं उरतात. लाइनवर आठ तास उभ्या असणाऱ्यांना चालण्याची स्पर्धा देण्यात तर काहीच अर्थ नाही. त्यांना पायाखाली रबरी मॅट, कोपराच्या उंचीचं टेबल, टेकायला उंच स्टूल आणि दर दोन तासांनी कामाची अदलाबदल हवी. कंबरदुखीचे खाडे कमी व्हायला पावलं मोजणाऱ्या ॲपपेक्षा याचाच जास्त उपयोग.

फायदा चुकीच्या तराजूत तोलणं

'भाग घेणारे कमी आजारी पडतात', हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. पण मुळात तब्येत जपणारेच भाग घेतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ४,८३४ कर्मचाऱ्यांची वेलनेस प्रोग्राम मिळणारे आणि न मिळणारे अशी चिठ्ठीपद्धतीनं विभागणी करून पाहिलं, तर उपचारखर्चात आणि गैरहजेरीत ठळक फरक आढळला नाही. म्हणून 'एका रुपयाला तीन रुपये परत' असल्या हमीवर पैसे लावू नका. स्वतःचे आकडे ठेवा: शंभर माणसांमागे महिन्याला किती दिवस आजारपणात गेले, त्यांतले कंबर-पाठीचे किती, पहिल्या तपासणीत बीपी वाढलेल्यांपैकी किती जणांचं सहा महिन्यांनी आटोक्यात आलं. तुलना मेची मेशी आणि गणपतीच्या महिन्याची गणपतीच्या महिन्याशीच करा, नाहीतर लग्नसराईचे खाडेही आजारपणात मोजले जातील.