कोरडे, तुटके केस घरी सुधारायला निघालात? या चुका टाळा

"ताई, केसांना काय लावू?" जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत मी एकोणीस वर्षं बायकांचे केस कापतेय, आणि हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी येतोच. मी उलट विचारते, न्हायला पाणी कुठलं? पुसतेस कशानं? शेंडे शेवटचे कधी कापलेस? यातलं काहीच न बदलता नवा लेप हवा असेल, तर तो लावून पैसे आणि दोन महिने वाया जातात.

एक गोष्ट आधी पटवून घ्या. टाळूच्या बाहेर आलेल्या केसात जीव नसतो, नखासारखाच. जखम भरते तसा तो भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. कमरेपर्यंत केस असतील तर टोकाचा भाग चार-पाच वर्षांपूर्वी टाळूतून निघालेला असतो, आणि तेवढी उन्हं, तेवढे कंगवे त्यानं सोसलेले असतात. आहे तो केस न तुटता टिकवायचा, नवा येणारा जपायचा आणि फाटलेला हळूहळू कापून टाकायचा, एवढंच घरी होऊ शकतं. पण एवढं मनापासून केलं तर फरक दिसतो, मी तो पाहिलेला आहे.

आता सोलापुरातली सगळ्यात मोठी चूक, पाणी. माझी धाकटी जाऊ कोकणातली. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी कमरेखाली जायची आणि हातात धरली की निसटायची. वर्षभरात त्याच केसांची सुतळी झाली. न्हाऊन आली की केस मऊ पडण्याऐवजी चिकट आणि कडक व्हायचे, कंगवा अर्ध्यात अडकायचा. तिनं पाच तेलं बदलली, तीन शाम्पू बदलले, कुणीतरी सांगितलं म्हणून कांद्याचा रस लावला, दही लावलं, अंडं लावलं. सासूबाई म्हणायच्या, पोरीला इथलं पाणी मानवलं नाही. आम्ही ते नुसतं बोलणं समजत होतो. गणपतीला ती पंधरा दिवस माहेरी गेली आणि परत आली ती वेगळेच केस घेऊन! तेल तेच, शाम्पू तोच. तेव्हा कुठे माझं लक्ष न्हाणीघराकडे गेलं. नळाच्या तोंडावर पांढरा थर, बादलीच्या कडेला पांढरी रेघ, गिझरच्या कॉइलवर तर बोटभर खडू. तोच थर तिच्या केसांवर बसत होता.

आमच्याकडे उजनी धरणाचं नाहीतर एकरूख तलावाचं पाणी महापालिकेच्या नळाला येतं, पण रोज येत नाही. म्हणून ते पिण्या-स्वयंपाकाला राखायचं आणि अंघोळ, धुणीभांडी बोअरवर, ही इथल्या घराघरातली रीत. बोअरचं पाणी खडकातून मुरत येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबण त्यात फेसाळत नाही, त्याचा चिकट चोथा होतो आणि केसांना धरून बसतो. शिकेकाईच्या नावानं मिळणारी वडी हीदेखील बहुधा साबणच असते, म्हणून ती या पाण्यात अजिबात वापरू नका. खरी शिकेकाई-रिठ्याची पूड असा चोथा करत नाही, पण कोरड्या केसांना ती आणखी रखरखीत करते. साधा शाम्पू बरा.

पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आहे का ते घरच्या घरी कळतं. बाटलीत बोअरचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस न येता वर पांढरट चोथा तरंगला की समजा. तुरटी फिरवून उपयोग नाही. तिनं गढूळपणा बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत.

माझी सवय सांगते. डोकं बोअरच्या पाण्यानं धुवा हवं तर, पण शेवटचे तीन तांबे महापालिकेच्या नळाच्या पाण्याचे. न्हायच्या दिवशी अर्धी बादली वेगळी झाकून ठेवायची, घरात कुणी त्याला हात लावायचा नाही. महिन्यातून दोनदा एक लिटर पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून ते लांबीवरून ओतते आणि दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुते. क्षार थोडे सुटतात, केस हाताला गुळगुळीत लागतो. इथे लगेच कुणीतरी विचारतं, मग अख्खं लिंबू पिळलं तर लवकर होईल का? नाही. लिंबाचा रस फार आंबट, तो थेट चोळून उन्हात बसलात तर केस आणखी कोरडा होतो आणि टाळू झोंबते ती वेगळीच. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पहिलं धुळीचं पाणी सोडून द्या आणि मग हंडा लावा. त्या पाण्यानं एकदा न्हाऊन बघा म्हणजे मी काय म्हणते ते हाताला कळेल.

दुसरी चूक सांगताना मला वाईट वाटतं, कारण वस्तू आपल्या गावची आणि अभिमानाची. सोलापुरी टेरी टॉवेल. त्याच्या अंगावर उभे टाके, म्हणजे सुताचे छोटे वळसे, असतात, म्हणून तर तो इतकं पाणी पितो. अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही. पण ओला केस त्या टाक्यांत अडकतो. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. त्यावर दोन्ही हातांनी खसाखसा चोळायचं, मग तोच टॉवेल पिळून डोक्यावर मुंडाशासारखा अर्धा तास बांधायचा. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातली एक मुलगी आली. कपाळावर, कानाजवळ बोटभर केस उभे राहिलेले. ती खूश होती, म्हणाली नवीन केस येतायत. मी भिंग घेऊन तिला टोकं दाखवली. नवा उगवणारा केस टोकाला निमुळता असतो, हिचे सगळे बोथट, म्हणजे तुटलेले. रोज सकाळी न्हाऊन, चोळून, ओलेच घट्ट वर बांधून ती सात वाजता घर सोडत होती. तिनं लेप काहीच लावला नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा मऊ पंचा घेऊन केस दाबून टिपायचे, चोळायचे नाहीत, आणि वाळल्याशिवाय बांधायचे नाहीत, एवढंच पाळलं. सकाळी वेळ नाही ना? मग आदल्या दिवशी संध्याकाळी न्हा.

गुंता सोडवताना वरून खाली कंगवा ओढू नका. रुंद दातांचा घ्या, टोकाकडून सुरुवात करा आणि चार-चार बोटं वर सरका. कुरळे केस असतील तर कंडिशनर लावलेलं असतानाच सोडवा, वाळल्यावर नाही.

तेलाबद्दल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी निघून जातं. म्हणून ते न्हाण्याच्या आधी लावायचं, लांबीला, दोन चमचे, तासभर. वाटीभर तेल टाळूवर थापून रात्रभर ठेवलं की ते काढायला तीनदा शाम्पू लागतो आणि तिथेच सगळी मेहनत वाया जाते. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच.

बेकिंग सोड्यानं केस धुणं ताबडतोब बंद करा. तो अल्कधर्मी असतो, केसाचे वरचे खवले उघडे पाडतो.

अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत जात नाही, त्याचे कण मोठे असतात. अंडं खा.

दर पंधरा दिवसांनी अख्ख्या लांबीला मेहंदी नको, मुळांपुरती लावा. आणि काळी मेहंदी म्हणून मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हा रासायनिक रंग असतो, त्यानं काहींचं डोकं, चेहरा सुजतो. कानामागे लावून दोन दिवस थांबल्याशिवाय वापरू नका.

ओलसर केसांवर इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात, आणि तिथेच तो मोडतो. लग्न तीन आठवड्यांवर आलं म्हणून एकाच महिन्यात रंग, स्ट्रेटनिंग आणि रोजची इस्त्री करून घेणाऱ्या मुलींना मी परत पाठवते. राग येतो त्यांना. पण त्या केसांचं पुढे दोन वर्षं काय होतं ते मी पाहते, लग्नाच्या फोटोत ते दिसत नाही.

उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी गाडीवरून जाताना ओढणी तोंडाला बांधता तशी वेणीवरूनही घ्या.

आणि कात्री. फाटे फुटलेला शेंडा चिकटवणारं काहीही बाजारात नाही. सीरमनं तो दोन दिवस मिटल्यासारखा दिसतो, मग पुन्हा उघडतो, आणि न कापता ठेवला तर चीर वर चढत जाते. दर तीन महिन्यांनी एक इंच, धारदार कात्रीनं, स्वयंपाकघरातल्या नाही. जाऊबाई सुरुवातीला रडल्या. पहिल्यांदा मी चार बोटं कापली, मग दर तीन महिन्यांनी थोडं थोडं. दोन वर्षं गेली. आता वेणी पाठीच्या मध्यापर्यंत आहे, पहिल्यापेक्षा आखूड, पण टोकापर्यंत एकसारखी जाड.

हे सगळं तुटणाऱ्या केसांसाठी झालं. गळणारे केस वेगळे. पडलेला केस उचलून बघा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय, नसेल तर मधून तुटलाय. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जास्त गळतात आणि पुढे थांबतात. पण गाठवाले केस महिनोनमहिने झुबक्यानं येत असतील किंवा भांग रुंद होत चालला असेल तर माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.