केळीवाल्यांनो, पोटॅश घ्यायच्या आधी जरा जगाचा नकाशा बघा

भो, युरिया आणि पोटॅश एकाच दुकानात मिळतं म्हणून दोघांचं गणित एक नाही. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशांना, तो भाव सरकारच ठरवतं. पोटॅशचं तसं नाही, 2010 पासून अनुदान ठरलेलं असतं आणि वरचा भाव हलतो, त्यात एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश, आपलं नेहमीचं पोटॅश खत) आपण जवळपास सगळंच बाहेरून आणतो. 2023 मध्ये केंद्राने 30 क्रिटिकल मिनरलची, म्हणजे देशाला अत्यावश्यक खनिजांची यादी काढली त्यात लिथियमसोबत पोटॅशही आहे, म्हणजे हा विषय फक्त मोबाईल बॅटरीवाल्यांचा नाही, आपल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्याचाही आहे.

आधी गरज काढा. झाडाला 200 ग्रॅम पालाश (पोटॅश खतातलं अन्नद्रव्य) धरलं तर 60 टक्केवालं एमओपी 333 ग्रॅम लागतं, पाच बाय पाच फुटांवर एकरी 1740 च्या आसपास झाडं, म्हणजे 580 किलो, पन्नास किलोच्या बारा बॅगा. माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं तर कमी करा.

आता नकाशा. पोटॅश विकणाऱ्यांत कॅनडा, रशिया, बेलारूस हे तीन मोठे. बेलारूसला समुद्रच नाही, माल लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरातून निघायचा, फेब्रुवारी 2022 मध्ये लिथुआनियाने ती वाट बंद केली आणि त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं. भारताचा पोटॅश आयातीचा करार त्या वर्षी टनाला 590 डॉलरवर गेला, इथे बॅग 1700 ला. मी घाबरून सगळ्या बॅगा एकदमच उचलल्या आणि दुकानदाराने वर नको असलेल्या दोन बाटल्या लिंकिंगमध्ये, म्हणजे खतासोबत बळजबरीने, गळ्यात मारल्या, बिल मागितलं तर तोंड वाकडं! पुढच्या वर्षी करार 422 वर आला.

म्हणून मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावतानाच बाराच्या बारा बॅगा भरू नका, पालाशची खरी भूक निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) आधीपासून वाढते, तोवर हप्त्या-हप्त्याने घ्या. मधल्या काळात दोन बातम्या बघत राहा, इंडियन पोटॅश कंपनीचा वर्षाचा करार आणि खरीप-रब्बीला जाहीर होणारे अनुदानाचे दर. करार स्वस्त झाला तरी दुकानात लगेच उतरत नाही हं, जुना स्टॉक आधी खपवतात.

आणि घड कापल्यावर खोडं बांधावर फेकून जाळू नका राव, त्यात पालाश ठासून भरलेलं असतं, बारीक करून सरीतच कुजवा, पुढच्या बागेला एक-दोन बॅगा तरी कमी लागतील.