ऑनलाइन धंदा बुडेल ही भीती कशी कमी करायची, माझ्या मसाल्याच्या वहीतून

मी कराडला राहते, घरी कांदा लसूण मसाला, मेतकूट आणि भाजणी करून इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवरून विकते, आता चौथं वर्ष चालू आहे. पहिले सहा महिने रात्री डोळा लागायचा नाही, डोक्यात एकच, हे बुडलं तर काय. आता बऱ्याच जणी मेसेज करतात की ताई सगळं जमतंय पण सुरू करायची भीती वाटते, किंवा सुरू केलंय पण रोज पोटात गोळा येतो. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक वही घ्या, मोबाइलमध्ये नको, साधी दोनशे पानी वही. त्यात "बुडेल" एवढंच लिहू नका, बुडेल म्हणजे नक्की काय होईल ते लिहा. माझ्या वहीत तीन ओळी होत्या: घरातले पैसे जातील, सासरचे म्हणतील आम्ही आधीच सांगत होतो, आणि मसाला लोकांना आवडणार नाही. लिहिल्यावर कळलं की ह्या तीन वेगवेगळ्या भीती आहेत आणि तिघींवर औषधही वेगळं आहे.

पैशाची भीती सगळ्यात आधी हातात घ्या कारण तिला आकडा लावता येतो. मी आणि नवऱ्याने बसून ठरवलं, 12 हजार. हे सगळे गेले तरी घराचा हप्ता आणि पोरांची फी भरली जाणार, असा तो आकडा. तुमचा 3 हजार असेल तर 3 हजार, त्यात लाज कसली. ते पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि घरखर्चाच्या खात्याला हात लावायचा नाही. दागिने गहाण ठेवून किंवा कर्ज काढून सुरुवात करू नका, मला हे अगदी कळकळीने सांगायचंय, कारण मग प्रत्येक न आलेली ऑर्डर हप्त्यासारखी छातीवर बसते आणि माणूस घाबरून चुकीचे निर्णय घेतो.

मग माल थोडा करा. मार्च-एप्रिलमध्ये मिरची चांगली मिळते म्हणून एकदम पन्नास किलो डंकावर न्यायचा मोह होतोच, मी पाच किलो मिरचीचाच मसाला केला, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, आणि पाव पाव किलोचे पाऊच भरले. संपला की परत करायचा. थोडा माल असला की अंदाज चुकला तरी थोडाच चुकतो. आणि नातेवाईकांच्या कौतुकावर जाऊ नका, आत्या चांगलंच म्हणणार. ओळख नसलेल्या माणसाने पैसे देऊन घेतलं आणि महिन्याने परत मागवलं तर माल चांगला आहे असं समजायचं.

आता परत येणारी पार्सलं, ह्याचीच धास्ती सगळ्यात जास्त असते. कॅश ऑन डिलिव्हरी दिली की काही जण दार उघडत नाहीत, फोन उचलत नाहीत आणि पार्सल फिरून घरी येतं. मी पहिल्यांदा रडले होते. मग हिशोब मांडला, माझे तेव्हाचे आकडे सांगते: एका पार्सलमागे नफा 90 रुपये, परत आलं तर जायचे 60 आणि यायचे 60 असे 120 अंगावर. दहा पार्सलं पाठवली आणि दोन परत आली तर आठांचे 720, त्यातून 240 गेले, उरले 480. म्हणजे दोन परत येऊनही धंदा चालतोय! सहा परत आली तर मात्र चारांचे 360 मिळतात आणि 720 जातात, तेव्हा खरंच थांबून विचार करायला हवा. हे गणित तुमच्या आकड्यांनी एकदा करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मग एखादं पार्सल परत आलं तर दिवसभर तोंड कडू होत नाही. मी नंतर ॲडव्हान्स पैसे देणाऱ्याला 30 रुपये सूट ठेवली आणि कॅशवाल्यांना पाठवायच्या आधी एक फोन करायला लागले, त्याने बराच फरक पडला.

फसवणुकीचंही सांगते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल सोडायचं नाही, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच सोडायचं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

लोकांना आवडलं नाही तर, ही भीती माझी खरी झाली. मे महिन्यात नागपूरला पाठवलेला पाऊच उन्हाने सुटला, सगळं तेल बाहेर, आणि त्या ताईंनी फोटोसकट कमेंट टाकली की पैसे वाया गेले. माझे हात थरथरत होते, कमेंट उडवावी वाटलं. तसं करू नका. फोन बाजूला ठेवला, रात्रभर काहीच लिहिलं नाही, सकाळी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं की चूक माझी आहे, पैसे परत करते आणि नवीन पाऊच पाठवते. त्या ताई आजही वर्षाचा मसाला माझ्याकडूनच घेतात. पण नुसती माफी पुरत नाही, चूक कुठे झाली ते शोधायला लागतं. आता मी प्रत्येक पाऊचला दोनदा सील मारते, रात्री वर्तमानपत्रावर पाऊच ठेवून वर वरवंटा ठेवते, सकाळी कागदाला तेलाचा डाग दिसला की तो पाऊच घरात वापरायचा.

कागदपत्रांची भीती उगाच मोठी वाटते. खायचा माल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते, छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये फी, नंबर पाऊचवर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा धंदा म्हणून सरकारकडे नोंद, सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जीएसटीचं मात्र नीट विचारून घ्या, राज्याच्या आत माल विकला तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे पण मसाला राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते, सीएकडे अर्धा तास बसलात की सगळं सुटतं.

सासरच्यांच्या बोलण्यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. सासूबाईंना दर महिन्याला वहीतला हिशोब वाचून दाखवायला लागले, तोटा झाला तोही, मग बोलणं आपोआप कमी झालं आणि आता भाजणीचं प्रमाण त्याच बघतात.

आणि शेवटचं, थांबायचं कधी हे सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा. मी लोणचंही सुरू केलं होतं, वहीत लिहिलं होतं की तीन महिन्यात पुन्हा मागवणाऱ्यांच्या वीस ऑर्डरी आल्या नाहीत तर बंद. चारच आल्या. वाईट वाटलं, दोन दिवस स्वयंपाकात लक्ष लागलं नाही, पण बंद केलं आणि त्यातले उरलेले 2,300 रुपये मेतकुटाच्या डाळींना लावले.