क्रूझवर उरलेलं ऑनबोर्ड क्रेडिट बुडतं कसं? या चुका टाळा

आमच्या न्यू जर्सीतल्या मित्रमंडळींच्या नऊ क्रूझ आत्तापर्यंत मी ठरवल्या आहेत. बहुतेक सगळ्या बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटणाऱ्या, बर्म्युडाच्या नाहीतर बहामाच्या. प्रत्येक वेळी घरी परतल्यावर आठवड्याभरात एक तरी फोन येतोच: "अगं, आमच्या खात्यात दीडदोनशे डॉलर उरले होते, ते कार्डावर कधी जमा होतील?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. होणार नाहीत. निघायच्या आधी मी हे ग्रुपवर लिहून पाठवते, पण वाचतंय कोण! म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी दोन शब्द नवख्यांसाठी. जहाजावर रोखीचा व्यवहार जवळजवळ नसतोच. केबिनचं दार उघडणारं कार्डच सगळीकडे दाखवायचं, कॉफीपासून मसाजपर्यंत जे घ्याल ते तुमच्या खात्यावर चढतं आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डावरून वसूल होतं. या खात्यात निघायच्या आधीच कोणीतरी जमा करून ठेवलेली रक्कम म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट.

क्रेडिट म्हणजे आपलेच पैसे, असं धरून चालणं

सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. क्रेडिट दोन जातींचं असतं, रिफंडेबल आणि नॉन-रिफंडेबल. कंपनीने बुकिंगच्या वेळी ऑफर म्हणून दिलेलं, निष्ठावंत प्रवासी म्हणून मिळालेलं, शेअरहोल्डर म्हणून मिळालेलं क्रेडिट बहुधा नॉन-रिफंडेबल असतं. सफर संपली, खातं बंद झालं की उरलेली रक्कम शून्य होते. ती रोख मिळत नाही, कार्डावर येत नाही आणि पुढच्या सफरीलाही नेता येत नाही.

रिफंडेबल रक्कम बहुधा तुमच्याच खिशातून गेलेली असते. आधी पैसे भरलेली किनाऱ्यावरची सहल रद्द झाली, वादळामुळे जहाजाने एखादं बंदर गाळलं आणि त्या बंदराचे कर परत आले, किंवा तुम्ही स्वतः पैसे टाकून क्रेडिट विकत घेतलं, तर उरलेली रक्कम तुमची तुम्हाला परत मिळते. ट्रॅव्हल एजंटने दिलेलं क्रेडिट मात्र दोन्ही प्रकारचं असू शकतं. एजंटला हे बुकिंग करतानाच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "हो हो, मिळतात परत" या वाक्यावर मी आता अजिबात विसंबत नाही.

अडचण अशी की क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही रकमा पुष्कळदा एकाच आकड्यात दिसतात. ३५० दिसतात, त्यातले ३०० बुडीत जाऊ शकणारे आणि ५० परत मिळणारे आहेत हे तिथे कळत नाही. म्हणून माझी सवय सांगते. पहिल्या दिवशी दुपारी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर ही मोठी रांग असते, तेव्हा मी जात नाही. रात्री साडेदहानंतर जाते, तेव्हा चिटपाखरू नसतं. एकच प्रश्न विचारते: यातले रिफंडेबल किती? तो आकडा आणि उरलेला आकडा, दोन्ही कागदावर लिहून केबिनमधल्या ज्या खणात हेअर ड्रायर असतो त्यात ठेवते. दिवसाआड तो खण उघडला जातोच, म्हणून कागद डोळ्यांसमोर राहतो.

"शेवटच्या दिवशी बघू"

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण माणसं ती समजून उमजून करतात.

एका बर्म्युडाच्या सफरीत आमच्यासोबत एक जोडपं होतं, पहिलीच क्रूझ. एजंटकडून त्यांना ३०० डॉलर मिळाले होते, नॉन-रिफंडेबल. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, इटालियन रेस्टॉरंटचं एका रात्रीचं टेबल आत्ताच घेऊन टाका, वाय-फाय यातूनच घ्या. त्यांचं म्हणणं, "आधी बघू तरी काय काय आहे, उगाच घाई कशाला?" बर्म्युडाच्या डॉकयार्ड बंदरात तीन दिवस बाहेर हिंडण्यात गेले. परतीच्या दिवशी समुद्र खवळलेला, बाईंना मळमळ, त्या केबिनमध्ये पडून. नवरा एकटा दुपारी बाहेर पडला. रेस्टॉरंटमध्ये रात्री साडेनऊशिवाय टेबल नाही. स्पामध्ये जागा नाही. दुकानांमध्ये सेल लागलेला आणि झुंबड उडालेली. शेवटी त्याने न लागणारे दोन टी-शर्ट, अत्तराची एक बाटली आणि एक टोपी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे केबिनच्या दाराखालून हिशेबाचा कागद आत सरकवलेला होता. तळाशी आकडा होता, वजा १४०.३६. त्याला वाटलं एवढे आपणच देणं लागतो, आणि तो ते भरायला सात वाजता रांगेत जाऊन उभा राहिला. पाऊण तासाने काउंटरवरच्या मुलीने समजावलं की वजा म्हणजे तुमचे शिल्लक आहेत, पण ते परत मिळत नाहीत. तो तसाच दुकानांकडे धावला. शटर खाली. जहाज बंदराला लागलं की करमुक्त दुकानं आणि कॅसिनो बहुधा बंद असतात, कस्टम्सचा नियमच तसा आहे. बायको सामान घेऊन जिन्याशी उभी होती. त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात, कारण त्याच आठवड्यात पैसे लागतील म्हणून त्यांनी पाण्याखालचे मासे बघायची सहल टाळली होती. ती सहल जहाजावरून घेतली असती तर याच क्रेडिटमध्ये बसली असती.

तेव्हापासून मी ग्रुपला एक नियम घातला आहे. नॉन-रिफंडेबल रक्कम सफर अर्धी होईपर्यंत कशावर तरी लावून ठेवायची, म्हणजे ठरवून टाकायची. सात रात्रींची सफर असेल तर चौथ्या संध्याकाळपर्यंत. शेवटच्या पूर्ण दिवशी रात्रीच्या जेवणाआधी अ‍ॅपवर हिशेब बघायचा, कारण त्यानंतर हातात फक्त काही तास उरतात. काय घ्यायचं? दुकानातल्या दागिन्यांच्या पेट्यांकडे वळूच नका. धुलाईची बॅग द्या, सात दिवसांचे कपडे धुऊन, घडी होऊन येतात आणि घरी गेल्यावरचा शनिवार वाचतो. स्पा घ्यायचा तर जहाज बंदरात असताना घ्या, त्या दिवशी दर उतरलेले असतात. शाकाहारी मंडळी "आम्हाला त्या महागड्या रेस्टॉरंटचा काय उपयोग" म्हणतात, पण आधी सांगितलं की आचारी चांगलं काहीतरी करून देतो, आमच्या सासूबाईंना त्या टेबलावर मिळालेलं मशरूमचं रिसोटो अजून आठवतं.

टिप आधीच भरून टाकणं

काटेकोर माणसं ही चूक करतात. सगळं आधी भरून मोकळं व्हायचं, मग टिपसुद्धा. प्रत्येक माणसामागे रोजची सेवा-रक्कम आपोआप खात्यावर चढते. माणशी रोज १८ डॉलर धरले तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर होतात. कोणाला २५० डॉलर क्रेडिट असेल तर ते नुसत्या टिपमध्येच जिरतं. एक वस्तू न घेता, एक रुपया न बुडवता! पण टिप आधीच भरली, पेयांचं पॅकेज आधीच घेतलं, वाय-फाय आधीच घेतलं, तर जहाजावर खर्च करायला उरतं काय? मग माणसं ते क्रेडिट फुंकायला निघतात.

मात्र एक भान ठेवा. पेयांचं पॅकेज आणि वाय-फाय निघायच्या आधी घेतलेलं बहुधा स्वस्त पडतं. म्हणून माझी वाटणी अशी: ज्यात दरात खरा फरक पडतो तेवढं घरूनच घ्यायचं, टिप मात्र जहाजावर सोडायची. आणि शेअरहोल्डरचं क्रेडिट टिपला चालतं असं धरू नका. कार्निव्हल कॉर्पोरेशन या क्रूझ कंपनीचे १०० शेअर असतील तर सफरीच्या लांबीप्रमाणे ५०, १०० किंवा २५० डॉलर मिळतात, पण ते खात्यावर चढवलेल्या टिपला आणि कॅसिनोला चालत नाहीत. शिवाय ते केबिनमागे असतं, माणसामागे नाही. नवराबायको दोघांकडे शेअर असले तरी एका केबिनला एकदाच.

कॅसिनोतून रोख करून घेणं

"मशीनवर खात्यातून पैसे घ्यायचे आणि न खेळता कॅश करायचे," ही युक्ती दर वेळी कोणीतरी मला सांगतंच. नॉन-रिफंडेबल क्रेडिट बहुतेक कंपन्या तिथे चालवतच नाहीत, मग ते पैसे थेट तुमच्या क्रेडिट कार्डावर चढतात, वर काही टक्के फी. असल्या आडवाटांनी कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

दोन केबिन, एक हिशेब

क्रेडिट ज्या केबिनच्या बुकिंगवर आहे तिथेच राहतं. एकाचं उरलं आणि दुसऱ्याचं संपलं, तर काउंटरवर जाऊन विचारावं लागतं, आणि होकार मिळेलच असं नाही. लागोपाठच्या दोन सफरी घेतल्या तर तुम्ही जहाजावरून उतरत नाही म्हणून क्रेडिटही उतरत नाही, असं समजू नका. बहुतेक कंपन्यांमध्ये पहिल्या सफरीचं खातं त्या सफरीलाच बंद होतं.

रिफंडेबल पैसे चेकने घरी येऊ देणं

ही चूक आमच्या घरातली, त्यामुळे तपशिलात सांगते. सासू-सासरे पुण्याहून आले होते, त्यांची केबिन वेगळी. मामंजी कार्ड वापरत नाहीत, त्यांनी खात्यासाठी २०० डॉलर रोख भरले. त्यात एका बंदरावरची सहल रद्द झाली, तेही पैसे खात्यात आले. शेवटच्या रात्री काउंटरवरून रोख परत घ्यायचे असतात हे मला ठाऊक होतं, पण मी सामान भरण्यात अडकले आणि मामंजींना ते सांगायचं राहून गेलं. शिल्लक रकमेचा चेक पुढे पुण्याच्या पत्त्यावर गेला. डॉलरचा चेक. पुण्यातल्या बँकेने तो वसुलीला पाठवला, कित्येक आठवडे लागले, बँकेची फी कापली गेली आणि हातात आलेली रक्कम पाहून मामंजी काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचं मला फार वाईट वाटलं.

आता भारतातून कोणी येणार असेल तर त्यांचं खातं आमच्या कार्डाला जोडून टाकते. बुकिंग वेगळं असलं तरी पहिल्या दिवशी काउंटरवर हे करून मिळतं. रोख भरायचीच असेल तर शेवटच्या रात्री, जेवायला जायच्या आधी, घरातल्या सगळ्यात तरुण माणसाला पासपोर्ट घेऊन काउंटरवर पाठवते. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार चालू केलेले आहेत का ते निघायच्या आधी बघा. डेबिट कार्ड देऊ नका. जहाजाची कंपनी त्यावर रोज होल्ड लावते आणि तो सुटायला दिवस लागतात, तेवढे दिवस तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला मिळत नाहीत.

उतरल्यावर

शेवटच्या हिशेबाचा फोटो काढून ठेवा, कारण अ‍ॅपमधला हिशेब काही दिवसांनी दिसेनासा होतो. रिफंडेबल रक्कम कार्डावर यायला आठवडा-दहा दिवस द्या, त्यानंतरही आली नाही तर तो फोटो जोडून लेखी तक्रार करा, नुसत्या फोनवर काम होत नाही. आणि नॉन-रिफंडेबल क्रेडिटसाठी मला फोन करू नका, मी त्यात काहीही करू शकत नाही. पुढच्या ऑगस्टच्या सफरीसाठी ज्यांनी बुकिंग केलं आहे, त्यांनी एजंटचा ईमेल मला फॉरवर्ड करावा; कोणाचं क्रेडिट कुठल्या जातीचं आहे ते मी आत्ताच सांगते.