घटस्फोट कोर्टात, जामीनकी डोक्यावर: अशा वेळी घरकर्जाचा सल्ला कुणाला आणि कसा विचारायचा

मी जळगावात डबे देते. एमआयडीसीतल्या डाळ मिल आणि चटईच्या कंपन्या मिळून ३८ डबे, महिन्याला प्रत्येकी २,५०० रुपये. नवऱ्यापासून सहा वर्षं वेगळी राहते, पण घटस्फोट अजून कोर्टात आहे. सासरी असताना दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. ते कर्ज थकलं. माहेर अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी. वडील गेल्यावर त्यांच्या कोरडवाहू शेताच्या सातबाऱ्यावर दोन भावांबरोबर माझंही नाव लागलं. आणि एवढं सगळं असताना मला पिंप्राळ्यात २० लाखांचा एक जुना फ्लॅट घ्यायचा होता.

दोन ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी चुकीचा सल्ला मिळाला, आणि कर्ज मंजूर व्हायला चौदा महिने लागले. ज्यांचा पगार ठरलेला, घरात भांडण नाही, कुठे जामीनकी नाही, त्यांना बँकेचा माणूस अर्ध्या तासात सगळं सांगतो. ज्यांचं तसं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक पान

कुणाकडेही जाण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि आपली अडचण स्वतःच्या हाताने लिहून काढा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. ज्याच्यासमोर बसेन त्याला त्या वेळी जे सुचेल ते सांगायचे. एकाला नवऱ्याचं सांगितलं तर जामीनकीचं राहून जायचं. मग प्रत्येकाचा सल्ला अर्ध्या माहितीवरचा. शेवटी आईच म्हणाली, "जे शे ते सांगी टाक, पोरी." म्हणजे जे आहे ते सांगून टाक. त्या रात्री भांडी घासून झाल्यावर मुलाच्या वहीतलं पान फाडून बसले.

त्या पानावर हे होतं. महिन्याला किती रुपये येतात, त्यातले रोख किती, खात्यात किती, खर्च जाऊन हातात किती उरतात. माझ्या नावावरची कर्जं आणि जिथे जामीन आहे ती कर्जं, दोन्ही वेगळी. लग्नाची आजची स्थिती: "विवाहित, सहा वर्षांपासून विभक्त, परस्पर संमतीचा अर्ज कोर्टात", खाली अर्जाचा नंबर. शेतातला हिस्सा. मुलगा २२ वर्षांचा, चटईच्या कंपनीत, पगार १४,००० रुपये, बँकेत जमा. जवळची शिल्लक. आणि माझं नाव कोणत्या कागदावर कसं आहे ते.

हे शेवटचं बायकांनी नीट बघावं. शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावामागे वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच आणि सातबाऱ्यावर माहेरचं. फाईल यावरच पंधरा दिवस अडली. आधार आणि पॅन अर्जाच्या आधीच सारखं करून घ्या. जुन्या कागदांसाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पानासोबत आपला सिबिल अहवाल जोडा, म्हणजे आपण आजवर कर्जं कशी फेडली त्याची नोंद. भारतात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात कर्जफेडीचे गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. आपला अहवाल आपण पाहिला म्हणून गुण कमी होत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. नुसता आकडा पाहून थांबू नका. आतली प्रत्येक ओळ वाचा. माझ्या अहवालात दिराचं कर्ज "जामीनदार" म्हणून होतं आणि हप्ते किती दिवस थकले तेही महिन्यामहिन्याला लिहिलेलं. चूक सापडली तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

कुणाला काय विचारायचं

माझी मोठी चूक ही झाली की सगळे प्रश्न मी एकालाच विचारले, आणि तो होता कर्ज मिळवून देणारा एजंट. एजंट वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. कोणती संस्था कोणत्या फाईलला हात लावते हे त्यांना खरंच माहीत असतं. पण त्यांचं कमिशन कर्ज देणारी संस्था देते, आणि तेही कर्ज वाटप झाल्यावर. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा: "दादा, तुम्हाला पैसे कोण देतं? किती? माझ्याकडून वेगळे घेणार का?" नीट उत्तर देईल त्याच्याकडेच बसा.

माझ्या एजंटने दोन गोष्टी केल्या. एक, अर्जात "अविवाहित" लिहा म्हणाला, म्हणजे नवऱ्याची भानगडच नको. आणि दुसरी, एका आठवड्यात चार ठिकाणी माझा अर्ज टाकला. पहिलं मी ऐकलं नाही, हे माझं नशीब. अर्जावर सही आपली असते, खोटी माहिती निघाली तर मंजूर झालेलं कर्जही रद्द होऊ शकतं आणि गुन्ह्याचा धोका आपल्या गळ्यात. दुसरं मला कळलंच नाही. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत चार नोंदी दिसल्या की पुढच्याला वाटतं ही बाई पैशांसाठी दारोदार फिरते आहे. वर एका ठिकाणी प्रक्रिया शुल्क म्हणून ५,९०० रुपये भरले होते, ते परत मिळाले नाहीत. अर्जाआधी विचारा: नकार आला तर हे पैसे परत मिळतील का? आणि उत्तर लेखी घ्या.

उत्पन्नाचा प्रश्न सीएला विचारायचा, पण "मला कर वाचवून द्या" असं म्हणायचं नाही. मला इथे फार शिकायला मिळालं. माझी वर्षाची उलाढाल ११ लाख ४० हजार. आधीच्या वर्षी ज्याने आयकराचं विवरणपत्र भरलं त्याने आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली आठ टक्के नफा दाखवला, म्हणजे वर्षाला ९१,२०० रुपये. छोट्या धंद्याने हिशोबाच्या वह्या न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवायची ती सोय आहे. पण बँकेने तेच धरलं: महिन्याला साडेसात हजार कमावणाऱ्या बाईला १५ लाख कोण देणार? माझ्या हातात खर्च जाऊन महिन्याला ३५,००० उरतात, वर्षाचे ४ लाख २० हजार. रोख येणाऱ्या पैशांवर आठ टक्के ही कमीत कमी मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. आणि एवढ्या उत्पन्नावर सवलतीमुळे मला कर शून्यच होता! कमी दाखवून काहीच वाचलं नव्हतं, फक्त कर्जाची पात्रता गेली होती. पुढची दोन विवरणपत्रं खऱ्या आकड्यांची भरली. त्याच काळात गिऱ्हाइकांना यूपीआयवर पैसे टाकायला लावले, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली (ती फुकट होते), अन्नपदार्थांची नोंदणी केली. तेव्हा १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तिची वर्षाची फी १०० रुपये होती. खात्यावर दिसणारा रुपयाच बँक मोजते.

ज्यांचं उत्पन्न केळीचं किंवा कापसाचं आहे त्यांनीही विवरणपत्र भरावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात ते दाखवायची जागा असते. रावेर-यावलकडचे माझे काही ओळखीचे लोक लाखोंची केळी देतात, पण व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, जपून ठेवत नाहीत आणि पैसे रोख घेतात. कर्जाच्या वेळी हातात कागद काहीच नाही. सातबाऱ्यावरची पीकनोंद, पट्ट्या आणि खात्यातली जमा, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

नवरा, दीर आणि भाऊ यांचे प्रश्न वकिलाचे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या नंबरवर फोनही लागतो. मी तिथेच गेले. माझं ते एक पान बघून वकीलबाई म्हणाल्या, "ताई, असं लिहून आणलं की आमचं अर्धं काम होतं."

त्यांनी सांगितलेलं इथे देते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ मध्येच आहे. "मी नुसती सही केली होती" याला अर्थ नाही आणि घटस्फोट झाला म्हणूनही जामीनकी सुटत नाही. कर्ज देणाऱ्याने लेखी मोकळं करावं लागतं. नवरा-बायकोच्या जोडकर्जाचंही तसंच. हप्ते तो भरेल असं आपसात ठरलं, कोर्टात लिहून दिलं, तरी बँक दोघांनाही धरते.

दिराने फायनान्स कंपनीशी तडजोड करून कमी रकमेत प्रकरण मिटवलं होतं. सासरच्यांना वाटलं सुटलो. पण अहवालात "सेटल्ड" असं पडलं, आणि ते वाचून बँका मागे सरतात, कारण त्याचा अर्थ पूर्ण पैसे मिळाले नाहीत. मी कंपनीला पत्र लिहून सूट दिलेली रक्कम विचारली. ६२,००० रुपये होते. माझ्या मंगळपोतीचे मणी विकून भरले, "क्लोज्ड" अशी नोंद करून घेतली आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं लेखी, हातात घेतला. दुसऱ्याच्या कर्जासाठी दागिना गेला याचं दुःख अजून आहे. पण तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे देण्याआधी नोंद काय होणार ते लेखी घ्या.

भावांचा प्रश्न नाजूक होता. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा मोठा दादा म्हणाला, "हक्कसोड करून दे, तुला फ्लॅटच्या सुरुवातीला ३ लाख देतो." हक्कसोड म्हणजे शेतातला माझा हिस्सा लिहून सोडून देणं. मला पैशांची निकड होती, मी जवळजवळ हो म्हटलं. वकीलबाईंनी दोन प्रश्न विचारले: त्या हिस्स्याची आजची किंमत काय, आणि हक्कसोड करायला बँकेने सांगितलं आहे का? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरकर्जासाठी हक्कसोड लागतच नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड. भावाला मी सांगितलं की आधी घर होऊ दे, मग हिशोबाने बोलू. तो महिनाभर बोलला नाही. आता बोलतो.

बँकेत गेल्यावर

अर्ज न भरता, पॅन न देता, आधी नुसतं विचारायला जा. सकाळी गर्दी असते. मी डबे पोचवून तीननंतर जायचे. पान समोर ठेवून विचारायचं: "विभक्त बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज देता का? कोणते कागद लागतील?" तीन ठिकाणी विचारलं. दोघांना नवऱ्याची सही हवीच होती. तिसऱ्या, एका गृहवित्त संस्थेला, कोर्टातल्या अर्जाची प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र चाललं. नकार आला तर कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मुख्य कारण लेखी कळवायचं असतं. माझ्या दुसऱ्या नकारपत्रातली एक ओळ वाचूनच मला जामीनकीचं गांभीर्य कळलं.

सहअर्जदार म्हणून मुलगा आला. त्याला बसवून समजावलं की हप्ता चुकला तर त्याचंही नाव खराब होईल आणि त्याला उद्या स्वतःचं कर्ज कमी मिळेल. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक बारकावा: कर्जात सहअर्जदार म्हणजे घरात मालक असं नाही. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, त्यामुळे महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत मिळाली. २० लाखांवर ते २०,००० रुपये झाले.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण तेवढं मिळेलच असं नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तर आपल्याच खिशातून. व्याजाचा फरकही कागदावर मांडा. १५ लाख, २० वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता साधारण १३,५००, ११ टक्क्यांनी १५,४८०. वीस वर्षांत जवळजवळ पावणेपाच लाखांचा फरक. मला ११ ला मिळालं आणि मी घेतलं, कारण बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले की कमी व्याजाच्या बँकेत हलवायचं ठरवलं आहे. सहीआधी मुख्य तथ्य पत्रक मागून घ्या. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. त्यात मला कर्जाचा विमा सापडला, जो मी मागितलाच नव्हता. सक्तीचा नाही म्हटल्यावर काढला.

फ्लॅटच्या कागदांबद्दल थोडक्यात: बँकेचा वकील मालकीचा तीस वर्षांचा शोध घेतो तो बँकेसाठी. त्याची प्रत मागा आणि आपल्या वकिलाला दाखवा. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर घर कितीही आवडो, थांबा. मूळ कागद देताना यादी करून सही-शिक्का घ्या, कारण कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत न दिल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते, आणि तेव्हा ती यादीच कामी येते. कुठेही दाद लागली नाही, तर संस्थेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस थांबा आणि मग बँक असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, गृहवित्त संस्था असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे (एनएचबी) जा. पैसे लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा चौकशीचा नंबर १४४४८.

एक गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नाही, शेवटच्या भेटीत मीच सहज विचारली म्हणून कळली. घटस्फोट होण्याआधी मला काही झालं तर? हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माझ्या घरात मुलाबरोबर नवऱ्याचाही वाटा पडतो. मृत्युपत्र केलं तर नाही. घराचा ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच मी ते लिहिलं. शेजारच्या काकू आणि डाळ मिलचे मुनीम साक्षीदार होते. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, आणि मग मी सगळ्यांना वरण-बट्टी वाढली.