उभ्या पडद्याचा विचार करून गाण्याचा व्हिडिओ कसा करावा

१९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यानंतर बराच काळ गाण्याचा व्हिडिओ आडव्या पडद्यावर, पहिल्या सुरापासून पाहिला जात असे. आता रील्स, शॉर्ट्स आणि टिकटॉकवर अनेकांना नवे गाणे प्रथम भेटते ते मधल्याच एखाद्या ओळीपासून, उभ्या पडद्यावर. म्हणून या छोट्या तुकड्याची आखणी चित्रीकरणापूर्वीच करावी.

सर्वप्रथम ओळ निवडावी. ती धृपदातलीच हवी असे नाही. मागचापुढचा संदर्भ नसताना जिचा अर्थ लागतो आणि जी ऐकणाऱ्याला स्वतःच्या प्रसंगाला लावता येते, ती ओळ उपयोगाची. तुकडा तालाच्या पूर्ण आवर्तनांतच कापावा, कारण असे व्हिडिओ संपताच आपोआप पुन्हा सुरू होतात आणि आवर्तन अपुरे राहिल्यास समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना ठेका अडखळतो.

त्यानंतर चौकट ठरवावी. १६:९ च्या आडव्या दृश्यातून ९:१६ चे उभे दृश्य कापले, तर मूळ रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग हाती लागतो. दोन टोकांना उभे असलेले गायक त्यात मावतच नाहीत. चित्रीकरण ४के (३८४० × २१६० पिक्सेल) मध्ये केल्यास कापलेल्या भागाची रुंदी सुमारे १२१५ पिक्सेल भरते आणि फोनवर चित्र स्पष्ट राहते. तरीही महत्त्वाची दृश्ये कॅमेरा उभा धरून स्वतंत्रपणे घ्यावीत, हे उत्तम. चेहरा व हातांच्या हालचाली चौकटीच्या मध्यभागी ठेवाव्यात. खालची पट्टी आणि उजवी कड मजकुराने व बटणांनी झाकली जाते.

सर्वाधिक विचार इतरांच्या सहभागाचा करावा. २०१२ मध्ये कोरियन गायक साय याच्या ‘गंगनम स्टाईल’ या गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर १ अब्ज वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. त्यातील घोडेस्वारीची नृत्यमुद्रा नर्तक नसलेल्यालाही जमत होती आणि जगभर तिच्या नकला झाल्या. आपली मुद्राही घरच्या खोलीत, फोन टेकवून ठेवून करता येईल इतकी सोपी असावी.

मात्र या तुकड्यापायी मूळ गाण्याचे आरंभीचे संगीत किंवा कडव्यांमधला विसावा छाटू नये. पूर्ण व्हिडिओकडे वळणारा श्रोता त्यासाठीच येतो, आणि तिथेही घाईच आढळली तर त्याची निराशा होते.

शेवटी, प्रकाशनापूर्वी गाणे वितरकामार्फत (ऑनलाइन मंचांवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) या मंचांच्या ध्वनिसंग्रहात नोंदवावे. तुकडा कोणत्या सेकंदापासून सुरू व्हावा हे निवडण्याची सोय असल्यास निवडलेल्या ओळीची सुरुवात द्यावी, म्हणजे लोकांनी केलेले व्हिडिओ मूळ गाण्याशी जोडलेले राहतात.